भाऊंची चौसष्ट उत्तरं

झोपून लोकांशी बोलू नये, असं भाऊंचं मत होतं. लोकांशी म्हणजे फोनवरच्या लोकांशी. बाकी सगळे सोफ्यावर लोळत, नाहीतर पांघरुणात शिरून फोन चाळतात. हा माणूस संध्याकाळी साडेसहाला चहा संपवून कप धुवायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी ताठ पाठीच्या खुर्चीत बसायचा, चष्मा पुसायचा, अंडी उकडताना लावतात तो टायमर चाळीस मिनिटांवर फिरवायचा आणि मगच फोन हातात घ्यायचा.

"समोरचा माणूस दिसून नाही राहिला म्हणून काय झालं?" ते म्हणायचे. "तो आहे ना तिथं? मग नीट बसून बोलावं."

मी त्यांच्या घरी भाड्यानं राहायला आले ती खोली मिळेना म्हणून. माझी नोकरी ब्लँचर्डस्टाउनला, तिथे जागा नाही, मेनूथला विद्यार्थ्यांची गर्दी. मेनूथपासून दहा मिनिटांवर कालव्याकाठी एक छोटं गाव आहे, एक शाळा, एक चर्च, एक पब आणि एक खाटकाचं दुकान एवढंच, तिथे भाऊंचं घर होतं. भाऊ नागपूरचे. औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात, आयर्लंडमध्ये वीसेक वर्षं. वहिनी स्लायगोच्या हॉस्पिटलात नर्स, आठवडाभर तिकडेच राहायच्या आणि शुक्रवारी संध्याकाळी यायच्या.

कारखान्याची शिस्त भाऊंनी घरात आणली होती. प्रेसमधल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असायची. इथे राहून आम्ही सगळेच कपाटाला प्रेस म्हणायला लागलो होतो. तर चिठ्ठीवर लिहिलेलं, कधी उघडली आणि कधीपर्यंत चालेल. मी पुण्याहून आणलेलं लिंबाचं लोणचं त्यांनी एकदा तारीख उलटली म्हणून माझ्यादेखत टाकून दिलं आणि वर मला सॉरी म्हणाले. वहिनी दमून दारात आल्या की म्हणायच्या, "मलाही लावा एक चिठ्ठी. सोमवारी उघडली, शुक्रवारी संपली."

फोनवर ते कधी कुणाला लाइक करायचे नाहीत. "आमच्याकडे कोणी काही मागितलं आणि आपण अंगठा दाखवला, तर त्याचा अर्थ काय होतो, ठाऊक आहे ना तुम्हाला?" ते लिहायचे. पूर्ण वाक्यं, स्वल्पविरामासकट. गावातल्या कुणी बाईनं स्कोनचा, म्हणजे इथल्या चहाबरोबरच्या छोट्या पावांचा, फोटो टाकला की हे लिहिणार: 'डिअर मॅडम, आपले स्कोन सर्व बाजूंनी सारखे फुगले आहेत. हे सोपे नाही, मी दोनदा प्रयत्न केला आहे. आपल्या घरच्यांना ते आवडले असतील अशी आशा करतो. काइंड रिगार्ड्स.' कुणाचं कुत्रं हरवलं तर त्याच सुरात पाच ओळी. कुत्रं सापडलं की आणखी पाच.

मी एकदा खाटकाकडे घरी सामान पोचवायला पत्ता सांगितला. तो म्हणाला, "अच्छा, युअर मॅन काइंड रिगार्ड्स? त्याच्याकडे राहतेस होय?" इथल्या बोलीत 'युअर मॅन' म्हणजे तो आपला अमका. गावानं त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि त्यात कुचेष्टा नव्हती.

रागावलेल्या माणसांवर त्यांचा विशेष जीव. कचऱ्याचे डबे वेळेवर उचलत नाहीत म्हणून गावातला एक म्हातारा रोज शिव्यांनी भरलेलं काहीतरी लिहायचा. लोक त्याला टाळायचे. भाऊंनी त्याला सलग नऊ दिवस उत्तरं दिली. आपला त्रास समजला, आपण म्हणता त्यात तथ्य आहे, मी स्वतः काउन्सिलला फोन केला होता, त्यांनी असं असं सांगितलं. दहाव्या दिवशी तो म्हातारा दारात उभा. मी घाबरले. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली रुबार्बची, लालसर आंबट देठांची, जुडी पुढे केली, म्हणाला, "माझ्या बागेतला आहे," आणि चहाला न थांबता गेला.

"बघा," भाऊ म्हणाले, "याला नऊ वर्षांत कोणी उत्तरच दिलं नसेल बाप्पा."

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमची कंपनी एक अॅप चालवायची. गावोगावचे लोक त्यावर आपल्या गावाचं पान काढायचे. हरवलेली मांजर, बंद रस्ता, शाळेच्या मदतीसाठी केकविक्री, असलं. कुणाला कोणती पोस्ट आधी दिसावी हे ठरवणारं गणित ज्या टीमकडे होतं, तिच्यात मी होते. भाऊ मला 'गणितवाल्या मॅडम' म्हणायचे. त्या सुमारास वरून सांगणं आलं होतं की अॅपवर चांगुलपणा वाढवा. भांडणांना कंटाळून लोक सोडून चालले होते.

एका बैठकीत मी भाऊंची गोष्ट सांगितली. स्कोन, कुत्रं, रुबार्ब. सगळे हसले, आणि मग सगळ्यांना एकदम एकच सुचलं. चिडलेला माणूस दोन शब्द लिहितो. जो पूर्ण वाक्यं लिहितो, समोरच्याला आदरानं हाक मारतो, तो खरंच बोलत असतो. मग ज्या पोस्टखाली अशी लांब, सभ्य उत्तरं येतात ती वर आणावी, जास्त लोकांना दाखवावी. त्याला आम्ही 'चांगल्या गप्पांचे गुण' असं नाव दिलं. ते गणित मी लिहिलं.

टीममधल्या एका मुलीनं तेव्हाच विचारलं होतं, "पोस्ट वाईट असेल आणि उत्तरं चांगली असतील तर?"

मी म्हणाले, "वाईट पोस्टखाली एवढं लांब आणि गोड कोण लिहीत बसणार?"

हे मी म्हणाले. त्याच संध्याकाळी मी भाऊंच्या स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर बसून पोळी खाल्ली. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

त्यांना मी सांगितलं की तुमच्यामुळे आमच्या यंत्रात बदल झालाय. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "म्हणजे यंत्राला सभ्यपणा कळायला लागला म्हणा ना." त्या दिवशी त्यांनी टायमर पंचेचाळीस मिनिटांवर लावला.

सुरुवातीला सगळं छानच झालं. विणकामाची पानं वर आली, जुन्या पुलांचे फोटो वर आले. आम्ही ऑफिसात केक कापला.

आमच्याच वसाहतीत साताऱ्याकडचं एक कुटुंब होतं. मुलगा चिप बनवण्याच्या कारखान्यात इंजिनियर, सून आयटीत, आणि एक सात वर्षांची मुलगी, जिला मराठी सगळं समजायचं आणि जी उत्तर मात्र पक्क्या आयरिश इंग्रजीत द्यायची. तीन महिन्यांसाठी मुलाचे वडील आले होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात मुलाचा तपकिरी ओव्हरकोट, जो त्यांना घोट्यापर्यंत यायचा. नातीला शाळेतून आणायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. शाळा सुटायची अडीचला आणि आबा दोनलाच कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे. घरात दुसरं करायचं काय? शाळेच्या आवारात पिवळ्या डॅफोडिलचे ताटवे फुलले होते. आबा रोज त्यांचा फोटो काढायचे आणि गावी बायकोला पाठवायचे. त्यांना वाटायचं, फुलं रोज वेगळी दिसतात.

एका मंगळवारी दुपारी गावच्या पानावर पोस्ट आली. आबांचा लांबून काढलेला फोटो, हातातला फोन शाळेकडे रोखलेला. खाली लिहिलेलं: 'या माणसाला कुणी ओळखतं का? रोज शाळेबाहेर असतो. फोटो काढतो.' लिहिणारी गावातली केशकर्तन करणारी बाई. तिची दोन मुलं त्या शाळेत होती. तिनं वाईट शब्द वापरला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

साडेसहाला भाऊंनी ती पाहिली. तोपर्यंत खाली पंधरा-वीस जणांनी लिहिलं होतं. पोलिसांना कळवलं का, हे लोक येतात कुठून, कुणीतरी जाऊन विचारायला हवं. भाऊंनी चष्मा पुन्हा पुसला आणि लिहायला घेतलं. 'प्रिय शेजाऱ्यांनो, हे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. ते आपल्या नातीला घ्यायला येतात. ते डॅफोडिलचे फोटो काढतात, कारण त्यांच्या पत्नीने ही फुले कधी पाहिलेली नाहीत. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आपण हॅलो म्हणालात तर त्यांना फार आनंद होईल. काइंड रिगार्ड्स.' मग प्रत्येकाच्या खाली वेगळं उत्तर, त्याचं नाव घेऊन, त्याची भीती समजून. टायमर वाजला. त्यांनी तो परत फिरवला. असं मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईनंही खाली लिहिलं, 'सॉरी, कळलं कोण आहेत ते, आजोबा आहेत.' पोस्ट तिनं काढली नाही. खाली सगळा खुलासा आहे, तो लोकांनी वाचावा, असं तिला वाटलं.

बुधवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा भाऊ टेबलाशीच होते. मला लगेच एका कॉलवर जायचं होतं. मी उभ्यानं टोस्टला लोणी लावत होते.

"मॅडम, एक विचारू का?" ते म्हणाले. "हे लोक वाढूनच राहिले. हा बघा, कॉर्कचा आहे. ही बाई डोनेगलची, देशाच्या दुसऱ्या टोकाची. आपल्या गावची शाळा यांना कशी माहीत?"

मी टोस्ट हातात घेऊन थांबले. अर्धा क्षण असेल. कॉर्क हा शब्द माझ्या डोक्यात कुठेतरी जाऊन अडकला आणि मला कळलं. पूर्ण नाही, पण पुरेसं.

"उत्तरं देणं बरोबर ना?" त्यांनी विचारलं. "की थांबू?"

कॉल सुरू झाला होता. मी म्हणाले, "द्या द्या भाऊ. चालतंय, ग्रँड आहे."

शुक्रवारी दोन वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या कुंपणापाशी एक व्हॅन थांबली. दोन माणसं उतरली. त्यांनी आबांना काहीतरी विचारलं. आबांना हॅलो आणि थँक्यू एवढंच यायचं, ते दोन्ही त्यांनी म्हटलं. मग आपण काय करतोय ते दाखवावं म्हणून त्यांनी फोन वर केला, फुलांचे फोटो उघडून त्यांच्यासमोर धरला. त्या माणसांना वाटलं, हा आपलं शूटिंग करतोय. एकानं ढकललं. आबा फुटपाथच्या काठावर पडले, लांब ओव्हरकोटात पाय अडकून. खुब्याचं हाड मोडलं. मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई हातातला 'थांबा' लिहिलेला दांडा घेऊन धावली, तेव्हा ते पळाले.

अडीचला शाळा सुटली. नात बाहेर आली तेव्हा आजोबांना अँब्युलन्समध्ये चढवत होते.

ती दोन माणसं आमच्या गावची नव्हती. त्या जिल्ह्यातलीसुद्धा नव्हती. दीड तास गाडी चालवून आली होती.

शुक्रवारी वहिनी नेहमीसारख्या आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. भाऊ ताठ पाठीच्या खुर्चीत बसले होते, समोर फोन नव्हता. "यांचा चेहरा असा मी यांचे वडील गेले तेव्हाही पाहिला नव्हता," त्या मला नंतर म्हणाल्या. भाऊ सारखं एकच म्हणत होते, "मी सगळ्यांना सांगितलं होतं. एकेकाला सांगितलं होतं ना."

सोमवारी तक्रार आमच्या कंपनीकडे आली आणि तपासायला आमच्याच टीमकडे दिली गेली. मी ती उघडली. एका छोट्या गावच्या पानावरची पोस्ट देशभर का गेली, याचं कारण यंत्र आपणहून लिहून ठेवतं. मला ते शोधावं लागलं नाही, पहिल्याच ओळीत होतं. चांगल्या गप्पांचे गुण, वरच्या टोकाला. त्याखाली ज्यामुळे गुण मिळाले ती उत्तरं. लांब. पूर्ण वाक्यांची. आदरानं नाव घेतलेली. चौसष्ट, आणि चौसष्टही एकाच माणसाची.

मी एकेका उत्तराची वेळ लावून पाहिली. भाऊंनी एक उत्तर लिहिलं की यंत्रानं ती पोस्ट आणखी काही गावांना दाखवली. तिथल्या लोकांनी चिडून लिहिलं. भाऊंनी त्यांना प्रेमानं उत्तर दिलं. यंत्रानं ती आणखी पुढे नेली. कॉर्क, डोनेगल, आणि दीड तासावरचं ते गाव, जिथे व्हॅन होती.

मंगळवारी मी त्यांना सांगितलं. कारखान्यातल्या नव्या कामगाराला समजावतात तसं सांगा, असं ते म्हणाले, म्हणून मी कागदावर काढून दाखवलं.

"म्हणजे मी गप्प बसलो असतो तर?"

"कदाचित गावाबाहेर गेली नसती."

"कदाचित?"

"नसती गेली, भाऊ."

त्यांनी कागद आपल्याकडे ओढला, सरळ केला, पुन्हा सरळ केला.

"बुधवारी मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मी नाही म्हणू शकले असते. "सगळं नाही," मी म्हणाले. "पण हो."

ते उठले, स्वच्छ असलेला कप त्यांनी धुतला आणि वर गेले. त्यानंतर पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. स्वयंपाक दोघांचा करायचे, माझं ताट झाकून ठेवायचे, पण बोलले नाहीत. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटायचं.

मी त्यांना एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. धीर झाला नाही.

रविवारी ते म्हणाले, "हॉस्पिटलात चला." आबांचं ऑपरेशन झालं होतं. ते उशीला टेकून बसले होते आणि जेवणातल्या उकडलेल्या बटाट्याबद्दल नर्सकडे मराठीत तक्रार करत होते. भाऊ खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कुठेही आपली बाजू मांडली नाही. माझं नावही घेतलं नाही.

आबांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजी तुमी माझ्या बाजूनं बोलला, म्हून मला ढकाललं व्हय?"

"हाव," भाऊ म्हणाले.

आबांनी पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "मग मानसानं बोलायचं तरी कुटं?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

पण भाऊंनी ते मनावर घेतलं. पुढच्या शनिवारी त्यांनी पोस्टखाली लिहिणाऱ्यांपैकी आपल्या गावचे कोण ते कागदावर उतरवलं. सतरा घरं निघाली. आणि ते दारोदार गेले. पहिल्या काही घरांना मी बरोबर होते. ते बेल वाजवायचे, टोपी काढायचे आणि इंग्रजीत म्हणायचे, "मी पोस्टखाली आपल्याला उत्तर दिलं होतं. त्यावरून आपला काही गैरसमज झाला का, हे विचारायला आलो आहे."

पहिल्या दारात एक नर्सरी चालवणारी बाई होती. ती म्हणाली, "कुठलं उत्तर?"

दुसऱ्या दारातला माणूस बसड्रायव्हर होता, दारभर रुंद. त्यानं फोन आणून दाखवला. पोस्ट त्याच्याकडे अजून होती, पानावरून काढण्याआधी त्यानं फोटो काढून ठेवला होता. आबांचं चित्र, त्याखाली पहिल्या तीन रागीट ओळी, आणि त्याखाली बारीक अक्षरात: आणखी उत्तरं पाहा. "हे उघडायला वेळ कुणाला आहे?" तो म्हणाला. "मला फक्त फोटो दिसला. रोज दिसायचा. तू लिहिलं होतंस हे माहीत असतं तर मी तुझं ऐकलं असतं रे. तुला सगळे ओळखतात."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. हीच ती न सांगितलेली गोष्ट होती. उत्तरांनी पोस्ट वर जायची, पण उत्तरं स्वतः मिटलेली राहायची, ज्याला दिलं त्यालासुद्धा. त्यांची चौसष्ट उत्तरं यंत्रानं मोजली होती. माणसांना ती दाखवली नव्हती.

सतराव्या घरी ते एकटे गेले, ते त्या केशकर्तनवाल्या बाईचं. ती दारातच रडली. तिनं पोस्ट काढली होती, पान बंद केलं होतं, आणि दुकानही आठवडाभर बंद ठेवलं होतं. भाऊ घरी आले, कोट न काढता खुर्चीत बसले.

"सतरा घरं," ते म्हणाले. "एकानंही वाचलेलं नाही. त्या बाईनं तेवढं पहिलं वाचलं. बाकी त्रेसष्ट मी कोणाशी बोलून राहिलो होतो, मॅडम?"

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. ढकलणारा सापडला, त्याच्यावर खटला चालला. तो म्हणाला की सगळा देश त्यावरच बोलतोय असं त्याला वाटलं. आबा काठी घेऊन साताऱ्याला गेले, आता चालतात, पण पायऱ्या चढत नाहीत. नात तेव्हापासून शाळेतून एकटी यायला तयार नसायची, आई कामावरून लवकर निघून तिला आणायची. भाऊ निवृत्त होऊन स्लायगोला वहिनींकडे राहायला गेले. फोन त्यांच्याकडे आहे, पण तो फक्त वाजला की उचलतात. मी ती नोकरी सोडली. पण त्याआधी एक दिवस आला, तो सांगायचा राहिलाय.

भाऊ म्हणाले, "तुमच्या ऑफिसात मला बोलवा."

मॅनेजरला मी एवढंच सांगितलं की रुबार्बवाले गृहस्थ भेटायला येऊ इच्छितात. तो खूश झाला. टीमला खऱ्या माणसांना भेटायला मिळत नाही, तो म्हणाला, आणि त्यानं मोठी खोली घेतली, बिस्किटं मागवली. तक्रारीतली चौसष्ट उत्तरं लिहिणारा आणि हा माणूस एकच आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तक्रारीत फक्त आकडे असतात.

भाऊ लग्नकार्याला घालतात तो सूट घालून आले. गळ्यात पाहुण्याचा बिल्ला. तीसेक जण जमले होते, मागे काही उभे. त्यांनी खिशातून कागद काढला आणि पहिलं उत्तर वाचून दाखवलं. प्रिय शेजाऱ्यांनो, हे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. डॅफोडिलपर्यंत आले तेव्हा दोघं-तिघं कौतुकानं हसले.

"हे चार दिवस तुमच्या यंत्रावर होतं," त्यांनी विचारलं. "तुमच्यापैकी किती जणांनी वाचलं?"

कोणी हात वर केला नाही. मग त्यांनी आबांचं काय झालं ते सांगितलं, बिनाविशेषणाचं, कारखान्यात चूक झाल्यावर अहवाल लिहितात तसं. किती वाजता, कुठे, काय मोडलं. पोस्ट वर का गेली तेही सांगितलं. मी कागदावर काढून दिलेलं त्यांना तोंडपाठ होतं. बिस्किट तोंडाशी नेलेल्या एका मुलानं ते परत बशीत ठेवलं. मॅनेजर माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो पांढरा पडला होता.

"आमच्या कारखान्यातून औषध बाहेर पडतं," भाऊ म्हणाले, "तेव्हा शेवटच्या कागदावर एका माणसाची सही असते. कंपनीची नाही, टीमची नाही. एका माणसाची. ते औषध घेऊन कोणाला काही झालं तर त्या माणसाला विचारतात. मी इथे भांडायला आलो नाही. मला फक्त विचारायचं आहे, याच्यावर कोणाची सही होती?"

मॅनेजरनं घसा साफ केला. "हे असं एकट्याचं नसतं. आमच्याकडे सगळं मिळून होतं," तो म्हणाला.

भाऊंनी मान हलवली आणि थांबले. त्यांना उत्तर माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. 'पोस्ट वाईट असेल तर?' असं तेव्हा मला विचारणारी ती मुलगी खिडकीपाशी उभी होती. तिला आठवत होतं, हे मला तिच्या तोंडावरून दिसत होतं.

मी म्हणाले, "माझी."

भाऊंनी कागदाची घडी घातली, सगळ्यांना थँक्यू म्हटलं, आणि आम्ही निघालो.

ते गाडी नेहमीच हळू चालवायचे. मोटरवेवरून लॉऱ्या आम्हाला ओलांडून जात होत्या. मला वाटत होतं, आता ते काहीतरी म्हणतील. बरं केलंत म्हणतील, किंवा उशीर केलात म्हणतील. मी दोन्हीची तयारी केली होती. लीक्सलिपचा फाटा मागे पडला.

मग रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "फार हळू बोललात तुम्ही. मागे उभे होते त्यांना ऐकू नाही आलं."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"उद्या परत सांगा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी परत सांगितलं.